सौर ऊर्जेतलं आंतरराष्ट्रीय सहकार्य प्रत्यक्षात कसं चालतं आणि कुठे अडतं?

प्रश्न असा आहे: आंतरराष्ट्रीय सौर आघाडी, जागतिक बँक, जर्मनीची सरकारी विकास बँक केएफडब्ल्यू अशा संस्थांच्या घोषणा वर्षानुवर्षं कानावर येतात. त्यांच्यामुळे एखाद्या गरीब देशात खरोखर पॅनेल बसतात का, आणि बसली तर चालू राहतात का?

बसतात. पण परिषदेत सही झाली म्हणून बसत नाहीत. त्यासाठी स्वस्त कर्ज लागतं, वीज घेणारा वेळेवर पैसे देईल याची हमी लागते, आणि बिघाड झाल्यावर सुटा भाग घेऊन पोचणारा माणूस लागतो. पहिल्या दोन गोष्टींवर गेल्या पंधरा वर्षांत खूप चांगलं काम झालंय. तिसरीला निविदेच्या शेवटच्या पानावर दोन ओळी मिळतात, आणि लहान प्रकल्प बहुधा तिथेच बंद पडतात.

आधी आघाडीबद्दल, कारण तिच्याविषयी गैरसमज जास्त आहेत. ३० नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसच्या हवामान परिषदेत नरेंद्र मोदी आणि फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष फ्रान्स्वा ओलांद यांनी तिची घोषणा केली. करार ६ डिसेंबर २०१७ ला अंमलात आला. मुख्यालय गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडीला, राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या आवारात आहे. सुरुवातीला कर्क आणि मकर वृत्तांमधल्या देशांपुरतं असलेलं सदस्यत्व २०२० च्या दुरुस्तीनंतर संयुक्त राष्ट्रांच्या सर्व सदस्यांना खुलं झालं. २०३० पर्यंत १ लाख कोटी डॉलरची गुंतवणूक सौर क्षेत्रात यावी हे तिचं उद्दिष्ट. पण ती बँक नाही आणि ठेकेदारही नाही. मागणी एकत्र करणं, निविदेचे मसुदे तयार करणं, प्रशिक्षण देणं आणि कर्ज देणाऱ्यांशी गाठ घालून देणं हेच मुख्यतः तिचं काम. तिच्याकडून थेट पॅनेलची अपेक्षा ठेवणारा निराश होणारच.

आता पैशाकडे येऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. सौर प्रकल्पात इंधनाचा खर्च नसतो, जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशी होतो. म्हणून विजेचा दर उन्हापेक्षा व्याजावर जास्त ठरतो. हिशेब करून बघा. एक किलोवॉट क्षमतेला सगळं धरून १,००० डॉलर लागतात आणि वर्षाला १,७५० युनिट वीज मिळते असं धरू. भांडवल ४ टक्क्यांनी २० वर्षांसाठी मिळालं तर वर्षाचा हप्ता साधारण ७४ डॉलर, म्हणजे युनिटमागे ४.२ सेंट. तेच भांडवल १४ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता १५१ डॉलर, आणि युनिट ८.६ सेंटला पडतं. यात देखभाल धरलेली नाही. पॅनेल तेच, ऊन तेच, गवंडीही तोच, तरी दर दुप्पट. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत पैसा असाच महाग आहे. त्यामुळे युरोपपेक्षा कितीतरी जास्त ऊन असूनही तिथे पॅनेल कमी दिसतात.

पैसा महाग का? कारण कर्ज देणाऱ्याला तीन धास्ती असतात. सरकारी वीज कंपनी बिल थकवेल. स्थानिक चलन घसरेल. सरकार बदललं की करार मोडेल. आंतरराष्ट्रीय सहकार्याची खरी उपयुक्त अवजारं या तीन धास्तींवरच बेतलेली आहेत. थकबाकीसाठी नैरोबीची आफ्रिकी व्यापार विमा संस्था आणि केएफडब्ल्यू यांची रोखतेची सोय आहे: वीज कंपनीने पैसे थकवले तर छोट्या आणि मध्यम प्रकल्पांना सहा महिन्यांपर्यंतच्या बिलाइतका आधार मिळतो, म्हणजे मधल्या काळात कर्जाचा हप्ता चुकत नाही. चलनासाठी २००७ साली विकास बँकांनी मिळून उभारलेला टीसीएक्स हा निधी स्थानिक चलन घसरण्यापासून संरक्षण विकतो. राजकीय जोखमीसाठी जागतिक बँक गटाची मिगा विमा देते. यातल्या एकाही गोष्टीचा फीत कापतानाचा फोटो निघत नाही, पण दर खाली येतो तो यांच्यामुळेच.

झांबियाचं उदाहरण मुद्दाम घेतो, कारण त्यात यश आणि अडचण दोन्ही उघड दिसतात. जागतिक बँक गटाच्या ‘स्केलिंग सोलर’ कार्यक्रमात तयार करारनामे, तयार विमा, तयार हमी आणि तज्ज्ञांचा सल्ला असं सगळं एका पेटीत दिलं गेलं. बोली लावणाऱ्याला प्रत्येक कलमावर वर्षभर घासाघीस करावी लागली नाही. २०१६ च्या लिलावात दर आला ६.०२ सेंट, आणि तो २५ वर्षं न वाढणारा. लुसाकाजवळचा बांगवेउलू प्रकल्प २०१९ मध्ये सुरू झाला. तेव्हाच्या आफ्रिकेत हा दर मोठीच बातमी होती.

अडचण पुढे आली. दर डॉलरमध्ये होता, आणि वीज कंपनी ग्राहकांकडून पैसे घेते क्वाचात, म्हणजे झांबियाच्या चलनात. २०१६ मध्ये एका डॉलरला साधारण १० क्वाचा पडत होते, २०२० च्या अखेरीस २१ च्या आसपास. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झांबियाने परदेशी रोख्यांचं व्याज थकवलं. म्हणजे ‘न वाढणारा’ दर वीज घेणाऱ्या कंपनीला चार वर्षांत दुप्पट पडू लागला. विकणाऱ्याची चलनजोखीम काढून ती घेणाऱ्याच्या डोक्यावर ठेवली गेली, ती नाहीशी झाली नव्हती. माझ्या मते या साच्यातला हा सर्वात मोठा दोष आहे. दराचा निदान काही हिस्सा स्थानिक चलनात बांधायला हवा, दर पहिल्या दिवशी एखाद-दोन सेंट जास्त दिसला तरी चालेल.

याच्या उलट मध्य प्रदेशातला रीवा सौर पार्क. ७५० मेगावॉट, प्रत्येकी २५० चे तीन भाग. सल्ला आयएफसीचा, म्हणजे जागतिक बँक गटाच्या खासगी क्षेत्रासाठीच्या शाखेचा. पार्कमधल्या सामायिक वीजवाहिन्या आणि उपकेंद्रांसाठी जागतिक बँकेचं कर्ज. पण वीज विकली गेली रुपयांत. फेब्रुवारी २०१७ च्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर २.९७ रुपये आला, पुढे १५ वर्षं दरसाल ५ पैशांनी वाढणारा. दर इतका खाली का आला? जमिनीची आणि वाहिनीची सोय आधीच ठरलेली होती, पैसे थकले तर कोण कधी भरणार याचे थर करारात स्पष्ट होते, शेवटी राज्य सरकारची हमी होती, आणि २४ टक्के वीज दिल्ली मेट्रोसारखा नियमित पैसे देणारा ग्राहक घेणार होता. बाहेरून आलेला पैसा प्रकल्पाच्या मानाने थोडा, पण तो नेमक्या जागी लागला.

महाराष्ट्रातही असं सहकार्य जुनं आहे. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीचा महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प केएफडब्ल्यूच्या कर्जातून उभा राहिला, २०१३ मध्ये. त्या काळात इतक्या मोठ्या सौर प्रकल्पाला देशी बँका सहज कर्ज देत नव्हत्या. परदेशी विकास बँकेने पहिला धोका पत्करला की देशी बँकांना पुढच्या प्रकल्पासाठी आकडे मिळतात, हा अशा कर्जाचा न दिसणारा फायदा.

आता पंपांकडे. शेतीसाठी सौर पंप हा आघाडीचा सर्वात पहिल्या कार्यक्रमांपैकी एक. २२ देशांकडून मिळून २ लाख ७२ हजारांहून जास्त पंपांची मागणी गोळा केली गेली आणि भारताच्या ईईएसएल या सरकारी ऊर्जा-बचत कंपनीने एकत्र आंतरराष्ट्रीय निविदा काढून दर शोधला. कल्पना उत्तम आहे: एखाद्या छोट्या देशाने पाचशे पंप मागितले तर कोणी चांगला उत्पादक फिरकत नाही, सगळ्यांनी मिळून मागितले की दर पडतो. पण दर मिळणं आणि ऑर्डर जाणं यात फरक आहे. प्रत्येक देशाला आपापला पैसा उभा करावा लागतो, आणि तो उभा राहीपर्यंत बोलीची मुदत, पॅनेलचे भाव आणि डॉलर, तिन्ही बदललेले असतात. एकत्रित मागणीसोबत कर्जाची मंजुरीही आधीच एकत्र घेतली नाही, तर यादी कागदावर राहते.

दुसरी गफलत तांत्रिक आहे. आपल्या केंद्रीय नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या तपशिलात डीसी सबमर्सिबल पंपासाठी ‘प्रति वॉट पीक (पॅनेलची पूर्ण उन्हातली क्षमता) दिवसाला इतके लिटर पाणी’ अशी हमी मागतात. एकूण ३० मीटर हेडला (म्हणजे पाणी जितकं वर चढवायचं ती उंची, घर्षण धरून) ३५ लिटर, ५० मीटरला २१ लिटर. म्हणजे ३,००० वॉटच्या पॅनेलवर ५० मीटरवरून दिवसाला ६३,००० लिटर. पण हा आकडा पॅनेलच्या पृष्ठभागावर दिवसाला प्रति चौरस मीटर ७.१५ युनिट ऊन पडतं असं धरून आहे. स्वच्छ आकाशाच्या दिवशी आपल्याकडे ते मिळतं. गिनीच्या आखाताकाठच्या ढगाळ देशात वर्षाची सरासरी पाचच्या आसपास असते. तोच तपशील तसाच उचलून तिथल्या निविदेत टाकला, तर पंप चाचणीत पास होतो आणि शेतात एक तृतीयांश पाणी कमी देतो. शेतकरी म्हणतो पंप खराब आहे, पुरवठादार म्हणतो कागद बघा, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

म्हणून हिशेब स्थानिक उन्हावर करावा. रीत अशी: दिवसाला लागणारं पाणी घनमीटरमध्ये, गुणिले एकूण हेड मीटरमध्ये, गुणिले २.७२५. उत्तर वॉट-तासांत येतं. ४० घनमीटर पाणी ५० मीटरवरून हवं असेल तर ५,४५० वॉट-तास. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ४५ टक्के धरली तर १२,१०० वॉट-तास वीज लागते. ५.५ तासांचं पूर्ण ऊन (म्हणजे दिवसाला प्रति चौरस मीटर ५.५ युनिट) आणि धूळ, उष्णता, वायरिंग यांची मिळून २० टक्के घट धरली की पॅनेल येतं साधारण २,७५० वॉटचं. बाजारात ३ एचपीचा संच घ्यायचा. हेड काढताना बोअरमधली स्थिर पातळी धरायची नाही. पंप चालू असताना पाणी जिथपर्यंत खाली जातं ती पातळी धरायची, त्यात टाकीची उंची आणि पाइपमधलं घर्षण मिळवायचं. उन्हाळ्याच्या शेवटी मोजलेली पातळी असेल तर उत्तम. पावसाळ्यानंतर मोजून घेतलेले पंप एप्रिलमध्ये कोरडे चालतात आणि जळतात. पातळीचा सेन्सर बसवला नसेल तर नक्कीच.

पॅनेलच्या ओळीतली संख्या ही चूक होण्याची आणखी एक जागा. ७.५ एचपीची ४१५ व्होल्टची साधी थ्री-फेज मोटर घेतली, तर पूर्ण वेगासाठी पॅनेलच्या विजेवर मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरला जवळपास ५८७ व्होल्ट डीसी लागतं. ५४० वॉटच्या पॅनेलचं चालू व्होल्टेज ४१.५ आणि उघडं (काहीही भार नसतानाचं) व्होल्टेज ४९.५ धरू. १६ पॅनेल एका ओळीत लावली तर प्रयोगशाळेत ६६४ व्होल्ट. दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं की तेच ५७४ वर येतं, चालण्यासारखं. पण इथियोपियाच्या पठारावर थंड पहाटे ५ अंशांना, मोटर सुरू व्हायच्या आधी, उघडं व्होल्टेज ८३५ होतं. ८०० ची मर्यादा असलेला कंट्रोलर अशा वेळी ट्रिप होतो, आणि असं रोज झालं की एके दिवशी कायमचा जातो. १५ पॅनेल लावली तर पहाटे ७८३, दुपारी ५३८: मोटर भर दुपारी थोडी हळू चालेल, पण कंट्रोलर टिकेल. अशा ठिकाणी १५ लावावीत. साहेलच्या सपाट प्रदेशात जिथे पहाट कधी १५ अंशांखाली जात नाही तिथे १६ मध्येही व्होल्टेज ८१३ पर्यंत जातं, म्हणजे तिथेही मर्यादा ओलांडतेच. १६ हवीच असतील तर ९०० किंवा १,००० व्होल्टचा कंट्रोलर निविदेत लिहा.

बाकीचे बिघाड पटकन सांगतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, पण संपर्क पक्का होत नाही. तो तापतो आणि वितळतो, कधी आग लागते. एकाच कंपनीची जोडी आणि योग्य क्रिंपिंग हत्यार (तार दाबून पक्की बसवणारं) यात तडजोड नको. पश्चिम आफ्रिकेत हिवाळ्यात हरमटान वाऱ्याची धूळ बसते आणि पाऊस नसल्याने धुतली जात नाही. आठवड्याला एकदा पहाटे साध्या पाण्याने धुवावं, तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकू नये. अर्थिंग खडकाळ जमिनीत नुसत्या सळईने भागत नाही. वीज पडणाऱ्या भागात डीसी बाजूला सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक झटका रोखणारा) हवाच.

लहान कंदील आणि घरगुती संचांच्या बाबतीत सहकार्याने एक काम फार नीट केलं, ते म्हणजे दर्जा. पूर्व आफ्रिकेच्या बाजारात स्वस्त, महिन्या-दोन महिन्यांत मंद होणारे एलईडी कंदील आले तेव्हा लोकांचा सौर दिव्यावरचाच विश्वास उडू लागला. जागतिक बँक गटाच्या ‘लायटिंग आफ्रिका’ आणि पुढे ‘लायटिंग ग्लोबल’ने चाचणीची पद्धत बसवली: दुकानातून किंवा गोदामातून नमुना घ्यायचा, २,००० तास जाळल्यावर प्रकाश सुरुवातीच्या ८५ टक्क्यांच्या खाली गेलेला नसावा, खोक्यावर लिहिलेलं आणि मोजलेलं जुळलं पाहिजे, वॉरंटी असली पाहिजे. पुढे तीच पद्धत आयईसी या विद्युत मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ६२२५७ मालिकेत आली, आणि २०२० पासून व्हेरासोल हा कार्यक्रम ते काम पाहतो. याचा फायदा असा की एका देशात चाचणी झाली की दुसरा देश तोच अहवाल मानतो. पंपांसाठी अशी सर्वमान्य व्यवस्था इतकी घट्ट अजून बसलेली नाही, आणि ती बसावी यासाठी आघाडीने जोर लावायला हवा, हे माझं ठाम मत आहे.

आता तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे बिघाडानंतरच्या दुरुस्तीकडे आणि सुट्या भागांकडे. पॅनेल २५ वर्षं टिकतं. कंट्रोलर आणि पंपसेट तेवढे टिकत नाहीत. वाळू येणाऱ्या बोअरमध्ये पंपाचे इम्पेलर (पाणी ढकलणारी फिरती चाकं) चार-पाच वर्षांतही झिजतात. देणगी किंवा कर्ज पहिल्या खरेदीला मिळतं, सहाव्या वर्षाच्या कंट्रोलरला नाही. त्यातून भारताच्या सवलतीच्या कर्जरेषेतून माल गेला असेल तर सामान्यतः ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यावी लागते, म्हणजे सुटा भागही इथूनच जाणार. तिथे सीमाशुल्काची गाठ बसते. सौर पॅनेलला बऱ्याचदा करमाफी असते, पण कंट्रोलरचा सर्किट बोर्ड किंवा पंपाची मोटर सामान्य विद्युत मालात मोजली जाते आणि शुल्क लागतं. २०२२ च्या सुधारित वर्गवारीत पॅनेलचा क्रमांक ८५४१.४३ असा वेगळा झाला. जुन्या क्रमांकाने लिहिलेली माफीची अधिसूचना बदललेली नसेल तर पॅनेलही बंदरावर अडकतं. करारावर सही व्हायच्या आधी माफीच्या यादीत संपूर्ण संच आणि सुटे भाग, दोन्ही आपापल्या वर्गवारी क्रमांकांसह लिहून घ्यावेत.

साठा किती ठेवावा? शंभर पंपांमागे पाच कंट्रोलर, तीन पंपसेट, दहा पॅनेल, पन्नास कनेक्टरच्या जोड्या आणि सेन्सरच्या दहा वायर, तेही राजधानीत नव्हे तर जिल्ह्याच्या ठिकाणी. पुरवठादाराची शेवटची १० टक्के रक्कम पाच वर्षांत थोडी थोडी, पंप चालू असल्याच्या नोंदीवर द्यावी. कंट्रोलरमधलं सिम त्यासाठीच असतं, फक्त गावात कोणत्या कंपनीचं नेटवर्क येतं ते आधी तपासावं.

प्रशिक्षणात भारताकडे सांगण्यासारखं काम आहे. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात परराष्ट्र मंत्रालयाच्या आयटेक योजनेतून अनेक देशांच्या खेड्यांतल्या, बऱ्याचदा निरक्षर, महिला सहा महिने राहून घरगुती सौर संच जोडायला आणि दुरुस्त करायला शिकत आल्या आहेत. भाषा समान नसते. रंग, खुणा आणि हात यांवर शिकणं चालतं. या बायका गावातच राहतात, नोकरीसाठी शहरात निघून जात नाहीत, म्हणून गुंतवणूक गावात टिकते. पण त्यांच्याकडे सोल्डरिंगचं सामान संपलं आणि सर्किटचा भाग मिळाला नाही, तर कौशल्य पडून राहतं. प्रशिक्षणासोबत भागांचा पुरवठा आणि गावातून महिन्याला थोडी वर्गणी, दोन्ही बांधून दिलेली असावीत.

एक गोष्ट आखणीत नेहमी शेवटी आठवते: पाणी. सौर पंपाला दर युनिटचा खर्च नाही, त्यामुळे ऊन असेपर्यंत तो चालू राहतो. डिझेल महाग होतं म्हणून जो उपसा आपोआप थांबत होता तो थांबत नाही. प्रकल्पात प्रत्येक पाच-दहा पंपांमागे एक निरीक्षण विहीर, महिन्याला पातळीची नोंद, आणि पंपासोबत ठिबकचा संच अनुदानात धरावा. वीजवाहिनी जवळ असेल तर उरलेली वीज विकायची सोय द्यावी, म्हणजे पाणी उपसण्यापेक्षा वीज विकणं शेतकऱ्याला परवडेल. वाहिनी नसलेल्या गावात तीच वीज चक्की, शीतपेटी किंवा बॅटरी चार्जिंगकडे वळवणारा कंट्रोलर घ्यावा. किमतीत फरक थोडा पडतो आणि पंप बंद असलेल्या महिन्यांतही पॅनेल कामाला राहतात.